वनकचेरीतील उजेड : आलापल्लीच्या निमित्ताने कार्यालयीन प्रकाशयोजनेचा एक धावता इतिहास

सागवान हे उजेडाचे भुकेले झाड आहे. त्याच्या रोपट्यावर मोठ्या झाडांची दाट सावली पडली की ते खुरटते, आणि पुरेसे आभाळ मोकळे मिळाले की सरळ वाढते. ट्रूप याने १९२१ साली हिंदुस्थानातील वृक्षांच्या संवर्धनाविषयीचा आपला त्रिखंडात्मक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याच्या आधीपासूनच वनाधिकाऱ्यांना हे अनुभवाने ठाऊक होते, आणि वनशास्त्रात ज्याला विरळणी म्हणतात तिचा एक मोठा हेतू झाडाझाडांत उजेडाची वाटणी करणे हाच आहे. अहेरी तालुक्यातील आलापल्ली हे या विद्येचे विदर्भातील एक प्रमुख ठाणे. येथे वनविभागाचे मुख्यालय व लाकूड कापण्याची सरकारी गिरणी आहे, आणि जवळच १९५३ पासून राखून ठेवलेला सुमारे सहा हेक्टरांचा तो जुना वनखंड आहे, ज्याला लोक ‘वनवैभव’ म्हणतात आणि ज्याला २०१४ साली जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा मिळाला. ज्या खात्याने झाडाला किती उजेड हवा याचा दीड शतक विचार केला, त्या खात्याच्या कचेरीत बसणाऱ्या माणसाला किती उजेड हवा, हा प्रश्न मात्र फार उशिरा विचारला गेला. ही उणीव एकट्या वनखात्याची नाही. सगळ्याच कचेऱ्यांच्या इतिहासात ती आढळते. तथापि आलापल्लीसारख्या ठिकाणी ती अधिक ठळकपणे दिसते, कारण तेथे उजेडाचा तुटवडा निसर्गाने निर्माण केलेला नाही.

आलापल्लीचे अक्षांश सुमारे १९.४ अंश उत्तर आहेत. त्यामुळे मे महिन्याच्या मध्यास आणि पुन्हा जुलैच्या अखेरीस सूर्य मध्यान्ही माथ्यावर येतो. मधल्या काळात तो किंचित उत्तरेकडे कललेला असतो, आणि डिसेंबरात दक्षिणेकडे सरकून क्षितिजापासून सुमारे ४७ अंशांवर थांबतो. सर्वात मोठा दिवस सव्वातेरा तासांचा व सर्वात लहान जवळजवळ अकरा तासांचा. लंडन किंवा स्टॉकहोम येथील कारकून हिवाळ्यात अंधारात घर सोडतो आणि अंधारातच परततो. आलापल्लीच्या कारकुनावर असा प्रसंग ओढवत नाही. त्याच्या कचेरीत अंधार असलाच तर तो बांधकामाने आणलेला असतो.

कचेरी या संस्थेचे मराठी मुलुखातील मूळ रूप म्हणजे वाड्याची सदर. चौकाकडे तोंड करून, एका बाजूने पूर्ण उघडी, लाकडी खांबांवर तोललेली ही जागा होती. कारकून भिंतीशी गादी घालून, उतरते मेज पुढे ओढून बसे. त्याच्या समोर चौक, चौकावर आभाळ. मोडी लिहिताना कागद मेजावर तिरपा असे व डोळ्यासमोर मोकळा उजेड असे. म्हणजे कागदावरचा उजेड आणि डोळ्यात शिरणारा उजेड यांचा उगम एकच होता. ही योजना कोणी शास्त्र म्हणून केली नव्हती. उष्ण प्रदेशात वारा हवा आणि ऊन नको, या दोन गरजांतून ती आपोआप घडली. दिवस मावळला की सदरेवरचे लिहिणे बहुधा संपे. समईच्या किंवा चिरागदानाच्या उजेडात हिशेब पुरे करण्याची पाळी येई ती निकडीच्या वेळी. झाडीच्या मुलुखात दिव्याला करंजाचे किंवा मोहाच्या बियांचे तेल असे, आणि त्या तेलाच्या ज्योतीजवळ फार वेळ बारीक अक्षर वाचणे कोणालाही सुखाचे नव्हते.

नागपूरकर भोसल्यांचे राज्य १८५४ साली खालसा झाले, १८६१ साली मध्य प्रांत स्थापन झाला आणि चांदा जिल्ह्याच्या अरण्यात इंग्रजी पद्धतीची कचेरी आली. या कचेरीचे शिल्प सदरेहून निराळे. उंच जोते, जाड भिंती, कवेलूंचे उतरते छप्पर, चोहोबाजूंनी खोल व्हरांडा, आणि आतील खोलीच्या भिंतीत छताजवळ रोशनदाने. पारा ४५ अंशांच्या वर जाणाऱ्या प्रदेशात भिंतीवर ऊन पडू न देणे हे या शिल्पाचे पहिले काम होते व ते त्याने उत्तम केले. परंतु व्हरांडा जितका खोल, तितकी आतली खोली काळोखी, हा त्याचा अटळ परिणाम. रोशनदानातून येणारा उजेड छतावर पडून खाली परते, पण तो मंद असे.

याचा परिणाम कचेरीतील माणसांच्या दर्जावर झाला, किंवा दर्जाचा परिणाम उजेडावर झाला असे म्हटले तरी चालेल. साहेबाचे टेबल दाराखिडकीशी, हेडक्लार्कचे त्यामागे, आणि ज्यांचे सारे काम बारीक अक्षरांचे त्या नकलनवीस व दफ्तरदारांची जागा सामान्यतः मधल्या खोलीत. दफ्तराची खोली तर जाणूनबुजून अंधारी ठेवली जाई, कारण उन्हाने कागद पिवळा पडतो. शिपाई मात्र व्हरांड्यात बसे. सर्वात कमी पगाराच्या त्या माणसाला दिवसभर सर्वात चांगला उजेड मिळत होता, ही गोष्ट त्या काळी कोणाच्या ध्यानात आली नसावी.

वनखात्याच्या बाबतीत या चित्राला दोन अपवाद करावे लागतात. पहिला, कामाचा मोठा भाग कचेरीबाहेर चाले. हिवाळा सुरू झाला की अधिकारी व त्यांच्यामागे दफ्तराच्या पेट्या दौऱ्यावर निघत. मुक्काम झाडाखाली, टेबल तंबूच्या तोंडाशी. कूप पाडणे, झाडांवर व ओंडक्यांवर हातोड्याचा ठसा उमटविणे, डेपोत थप्प्यांची मोजदाद करणे, ही सारी कामे उघड्यावरची. ओंडक्यावरचा ठसा ओळखणे हे दिवसाउजेडी करावयाचे काम, आणि वनोपजाच्या रात्रीच्या वाहतुकीवर निर्बंध घालण्याची रीत वनखात्यात जुनी आहे, तिच्यामागेही हाच विचार आहे. दुसरा अपवाद वेळेचा. विदर्भात उन्हाळ्यात सकाळची कचेरी भरविण्याची चाल होती. ती सुरू झाली उष्म्यापायी, पण तिच्यामुळे कारकुनाचा दिवस सूर्याच्या दिवसाशी जुळत असे. सकाळचा भरपूर उजेड, दुपारी अंधाऱ्या खोलीत विसावा, रात्री लवकर झोप. आजचे शास्त्र ज्याला शरीराच्या दैनिक लयीचे संरक्षण म्हणते, ते त्या कचेरीच्या घंटेने अजाणता साधले होते.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या पादात खनिज तेल आले आणि कचेरीचा दिवस सूर्यास्तापलीकडे लांबला. भाषेवर त्याचा ठसा अजून आहे. ‘रॉकेल’ हे ‘रॉक ऑइल’चे मराठी रूप, आणि ‘घासलेट’ हे ‘गॅसलाइट’चे. गॅसचा दिवा मुंबईत १८६५ साली रस्त्यावर लागला, पण त्याचे नाव मात्र गावोगाव पोचले ते तेलाच्या डब्याला चिकटून. वाऱ्याने न विझणारा काचेचा कंदील हे या तेलाचे साधन. आरंभी कंदील आणि त्याची काच दोन्ही परदेशी. काचेच्या धंद्यात स्वदेशीचा पहिला मोठा प्रयत्न अंताजी दामोदर काळे यांच्या पैसा फंडातून तळेगाव येथे १९०८ साली झाला. पुढे १९१६ साली ओगले बंधूंनी कऱ्हाडजवळ औंध संस्थानच्या हद्दीत कारखाना काढला. त्या जागेलाच ओगलेवाडी हे नाव पडले आणि तेथून निघालेला ‘प्रभाकर’ कंदील महाराष्ट्राच्या घराघरांत व कचेऱ्यांत पोचला. सूर्याचे नाव धारण करणाऱ्या या कंदिलाचा उजेड पुढे आलेल्या ६० वॅटच्या विजेच्या गोळ्याच्या दहाव्या हिश्श्याइतकाही नव्हता. तो पिवळा, तांबूस व मंद असल्याने झोपेला बाधक नव्हता हे खरे, पण त्याखाली आकडे जुळवणाऱ्याच्या डोळ्यांचे काय होई ते वेगळे सांगावयास नको. जुन्या दिव्यांविषयी हळवे होणाऱ्यांनी काजळीने काळवंडलेली काच रोज पुसणाऱ्याचीही आठवण ठेवावी.

मुंबईची कहाणी निराळी व तुलनेसाठी उपयोगी आहे. कर्नल हेन्री सेंट क्लेअर विल्किन्स याच्या आराखड्यानुसार १८७४ साली पुरे झालेले जुने सचिवालय समुद्राकडे कमानींचे व्हरांडे सोडून बांधले गेले. व्हरांड्याचा विचार तेथेही तोच होता. १८८२ साली क्रॉफर्ड मार्केटात विजेचा दिवा प्रयोगादाखल लागला. १९०५ साली बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनी स्थापन झाली, १९१५ पासून खोपोलीची जलविद्युत आली, आणि मग शहरी कार्यालयांत दिव्याचा प्रश्न तंत्रज्ञाच्या हाती गेला. तंत्रज्ञाने तो सोपा केला. कागदावर किती उजेड पडतो तो मोजावा, आणि पुरेसा असला की काम झाले. आधी फूट-कँडल व नंतर लक्स या एककांत हे मोजमाप होऊ लागले. मोजणीचे यंत्र टेबलावर आडवे ठेवले जाई. माणसाचे डोळे टेबलावर आडवे ठेवलेले नसतात, या साध्या गोष्टीकडे जवळजवळ पाऊणशे वर्षे दुर्लक्ष झाले.

याच काळात शिकागोजवळच्या वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीच्या हॉथॉर्न कारखान्यात १९२४ ते १९२७ या वर्षांत प्रकाश आणि उत्पादन यांचा संबंध तपासण्याचे सुप्रसिद्ध प्रयोग झाले. उजेड वाढविला तेव्हा काम वाढले, ज्या गटाचा उजेड बदलला नव्हता त्याचेही वाढले, आणि उजेड चांदण्याइतका कमी केल्यावरही दोन कामगारिणींचे काम घटले नाही, असे सांगितले गेले. निष्कर्ष असा काढण्यात आला की कामगाराला महत्त्व वाटते ते आपल्याकडे दिल्या गेलेल्या लक्षाचे, दिव्याचे नव्हे. व्यवस्थापनशास्त्राच्या वर्गात हा निष्कर्ष अजूनही शिकविला जातो. परंतु हरवली असे समजली जाणारी मूळ आकडेवारी हाती लागल्यावर लेव्हिट व लिस्ट यांनी २०११ साली ती पुन्हा तपासली, तेव्हा कथेतील बराचसा चमत्कार आकड्यांत आढळला नाही. विद्यार्थ्यांनी हे लक्षात घ्यावे, कारण ‘दिव्याने फारसे काही होत नाही’ या समजुतीला या कथेने दीर्घकाळ शास्त्राचा आधार दिला.

स्वातंत्र्योत्तर भारतात या विषयाचा पाया रुडकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेत घातला गेला, आणि हा या इतिहासातील सर्वात अभिमानास्पद भाग म्हणावा लागेल. युरोपात नैसर्गिक प्रकाशाचे गणित ढगांनी भरलेल्या करड्या आभाळावर आधारलेले होते. ते भारताला लागू नाही, येथील आभाळ वर्षाचा मोठा भाग निरभ्र असते, हे ओळखून येथील निळ्या आभाळाच्या तेजाची मोजमापे घेतली गेली. सूर्य क्षितिजापासून १५ अंशांवर असताना निरभ्र आभाळाकडून मोकळ्या जागेत ८,००० लक्स उजेड मिळतो, असे भारतीय मानकाने गृहीत धरले. त्यात थेट उन्हाची गणना नाही. खोलीतील एखाद्या जागी यातील एक टक्का पोचला तर तो ८० लक्स होतो. भर पावसाळ्यातील आभाळसुद्धा कार्यालयीन वेळेत सामान्यतः ८,००० लक्सांहून अधिक उजेड देते. अंतर्गत प्रकाशयोजनेचे मानक १९६६ साली आले. त्याच्या १९९२ सालच्या आवृत्तीत सामान्य कार्यालयासाठी ३०० ते ७५० लक्स ही मर्यादा दिलेली आहे. मोजमाप अर्थातच टेबलाच्या पातळीवरचे.

दरम्यान चांदा जिल्ह्याचे नाव चंद्रपूर झाले. २६ ऑगस्ट १९८२ रोजी त्यातून गडचिरोली जिल्हा वेगळा झाला आणि आलापल्ली नव्या जिल्ह्यात गेली. त्यानंतर वर्षभरातच चंद्रपूरच्या महाऔष्णिक केंद्रातील वीजनिर्मिती सुरू झाली. आज या केंद्राची क्षमता २,९२० मेगावॅट आहे. राज्याला उजेड पुरविणारा हा परिसर आणि त्याच्या पूर्वेचे अरण्य यांच्यातील अंतर नकाशावर थोडे, पण तारांच्या हिशेबाने फार होते. आलापल्लीहून भामरागडकडे जाणाऱ्या रस्त्यावर हेमलकसा येथे बाबा आमटे यांनी १९७३ साली लोक बिरादरी प्रकल्प सुरू केला, तेव्हा तेथे वीज नव्हती, आणि डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे यांनी रुग्णसेवेची आरंभीची वर्षे विजेवाचूनच काढली. या पट्ट्यात वीज आल्यानंतरही बराच काळ ‘दिवे आहेत का’ हा प्रश्न ‘दिवे कसे आहेत’ या प्रश्नाच्या पुढे उभा राहिला, हे स्वाभाविक होते.

ट्यूबलाइटने हा प्रश्न दडपला आणि एलईडीने तो पुन्हा वर काढला. निळ्या एलईडीचा शोध लावणाऱ्या आकासाकी, अमानो व नाकामुरा यांना २०१४ साली नोबेल पारितोषिक मिळाले. ५ जानेवारी २०१५ रोजी केंद्र सरकारची ‘उजाला’ योजना सुरू झाली. २०१७ साली राज्याच्या सार्वजनिक बांधकाम विभागाने आपल्या इमारतींतील जुने दिवे, पंखे व वातानुकूलन यंत्रे बदलण्यासाठी एनर्जी एफिशियन्सी सर्व्हिसेस लिमिटेड या केंद्रीय संस्थेशी करार केला. सरकारी कचेऱ्यांच्या नूतनीकरणाचा जो साचा अलीकडे रूढ झाला आहे तो सर्वांच्या परिचयाचा आहे. जुन्या छताखाली पांढऱ्या तक्त्यांचे खोटे छत, त्यात दोन फुटी चौकोनी एलईडी पॅनेल, वातानुकूलनासाठी बंद केलेल्या खिडक्या, आणि खिडक्यांवर पडदे. खोट्या छताने रोशनदाने झाकली जातात. व्हरांडा बहुधा ॲल्युमिनियमच्या चौकटी लावून आत घेतला जातो, कारण जागा अपुरी असते. वीज वाचते हे निर्विवाद. पण यशाचे माप युनिटांत घेतले जाते, आणि ते माप घेताना माणूस पुन्हा एकदा हिशेबाबाहेर राहतो.

तो हिशेबात यावा अशी मागणी जीवशास्त्राने केली. १९९८ साली इग्नेशिओ प्रोव्हेन्सिओ व त्याच्या सहकाऱ्यांनी बेडकाच्या त्वचेतील रंगपेशींत एक प्रकाशग्राही प्रथिन शोधले व त्याला मेलॅनॉप्सिन हे नाव दिले. तेच पुढे मानवी दृष्टिपटलातही सापडले. २००२ साली डेव्हिड बर्सन व सहकाऱ्यांनी दाखविले की दृष्टिपटलातील काही मोजक्या चेतापेशी स्वतःच प्रकाश ओळखतात. चित्र पाहणे हे त्यांचे मुख्य काम नव्हे. मेंदूतील घड्याळाला दिवस आहे की रात्र हे कळविणे, हे आहे. ४८० नॅनोमीटरच्या आसपासच्या निळ्या किरणांना त्या सर्वाधिक प्रतिसाद देतात. २०१८ साली आंतरराष्ट्रीय प्रकाश आयोगाने या प्रतिसादाचे मापन ठरवून दिले. २०२२ साली या क्षेत्रातील तज्ज्ञांच्या एका गटाने शिफारस केली की दिवसा डोळ्याच्या उभ्या पातळीवर, दिवसप्रकाशाशी तुल्य अशा या नव्या मापाने, किमान २५० लक्स असावेत, निजण्यापूर्वीच्या तीन तासांत १० हून अधिक नसावेत, आणि झोपेच्या जागी १ हून अधिक नसावेत.

हे आकडे नूतनीकृत कचेरीस लावून पाहिले की अडचण उघड होते. टेबलावर ३०० लक्स देणारे छतावरचे पॅनेल डोळ्याच्या उभ्या पातळीवर ढोबळ मानाने त्याच्या निम्मे, म्हणजे १५० लक्स पोचवते. बाजारात सर्रास वापरला जाणारा शुभ्र-निळसर, ६,५०० केल्विनचा दिवा धरला तरी नव्या मापाने त्याचे सुमारे १३० होतात. दिवसा गरजेच्या निम्मा, आणि तोच दिवा मार्चअखेरच्या हिशेबासाठी रात्री नऊपर्यंत जळत राहिला तर मर्यादेच्या दसपटीहून जास्त. उलट मोकळ्या व्हरांड्याच्या कडेला बाहेर तोंड करून बसलेल्या माणसाच्या डोळ्यावर ८,००० लक्सांचा दहावा हिस्सा जरी पोचला तरी तो ८०० होतो, आणि दिवसप्रकाश असल्यामुळे नव्या मापानेही त्यात घट होत नाही. शिपायाच्या बाकाचा उल्लेख वर आला आहे तो एवढ्यासाठीच.

या शास्त्राच्या नावाने जो व्यापार उभा राहिला आहे त्याविषयी सावध राहणे आवश्यक आहे. ‘मानवकेंद्री प्रकाशयोजना’ म्हणून विकले जाणारे, दिवसभर रंग बदलणारे दिवे प्रामुख्याने त्या देशांच्या गरजेतून आले जेथे हिवाळ्यात दिवसच नसतो. १९ अंश अक्षांशावर तोच उपाय महागडा आणि बहुतांशी अनावश्यक आहे. येथे खरा पेच उजेड आणि उष्मा यांच्यातला आहे. खिडकी उघडली की उजेडाबरोबर वैशाखातली झळ येते, आणि ती टाळण्यासाठी खिडकी मिटली की दोन्ही जातात. जुन्या बांधणाऱ्यांनी या पेचातून काढलेली वाट, म्हणजे ऊन अडविणारा पण आभाळ न अडविणारा व्हरांडा, अर्धीच वाट होती, कारण आतल्या खोलीचे काय हे त्यांनी पाहिले नाही. रोशनदाने मोकळी ठेवून छताला पांढरा रंग दिला, उत्तरेकडील उघाड राखला, आणि टेबले खिडकीशी काटकोनात फिरविली, तर उरलेल्या वाटेचा बराचसा भाग चालून होतो. उत्तरेची बाजू येथे बहुतेक वर्षभर सौम्य. सूर्य तिकडे फिरतो तो मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंतच, आणि त्यातील बराच काळ पावसाळी ढगांचा.

टेबल फिरविण्याची गोष्ट किरकोळ वाटेल, पण इतिहासाच्या दृष्टीने तीच निर्णायक आहे. सदरेवरचा कारकून तिरप्या कागदावर लिहीत होता, इंग्रजी कचेरीतला आडव्या कागदावर, आणि आजचा उभ्या पडद्याकडे पाहतो. पडद्याला स्वतःचा उजेड असतो, त्यामुळे मागची खिडकी त्यात चकाकते आणि समोरची खिडकी डोळे दिपविते. म्हणून नव्या कचेरीत खिडकीचे पडदे ओढले जातात. दोष बहुतेकदा खिडकीचा नसतो, टेबल मांडण्याच्या जुन्या सवयीचा असतो. कागद आडवा असतानाच्या काळात आखलेली टेबलांची रांग, एकामागे एक व सर्वांची तोंडे साहेबाच्या दाराकडे, कागद गेल्यावरही तशीच टिकून आहे. वनविभागाच्या डेपोतील लिलावाची नोंद आता संगणकावर होते, पण ठोकळ्यावरचा हातोड्याचा ठसा वाचण्यासाठी वनरक्षकाला अजूनही थप्पीपर्यंत जाऊन, ठोकळा उन्हाच्या बाजूला वळवून पाहावा लागतो.